काठीला आलेली फुले

अमेरिकेतल्या हर्नडन गावातल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात थंडीने मला फारसे छळले नाही. छळले ते फुलांच्या अभावाने. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. पत्नी गेल्यावर मुलाने मला आग्रहाने आपल्याकडे नेले होते. तो एका कंपनीत संगणकाचे काम करी, सून एका प्रयोगशाळेत जाई, आणि दिवसभर त्या लाकडी घरात मी आणि माझे देव एवढेच असू. बाळकृष्ण, शाळिग्राम आणि अन्नपूर्णा. विमानात त्यांची पेटी मी मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

कृष्णाकाठच्या पाठशाळेत मी वयाच्या आठव्या वर्षी गेलो. फूल न मिळाल्यास त्याच्या जागी अक्षता वाहाव्यात, ही सोय तिथेच शिकलो. पण गुरुजींनी ती सांगताना ‘प्रवासात, आजारात, पुरात’ अशी पुस्ती जोडली होती. उबदार घरात, नळाच्या गरम पाण्याने स्नान करून, महिनोन्‌महिने केवळ अक्षता वाहणे मला लाजिरवाणे वाटे. सून बिचारी दुकानातून कार्नेशनची जुडी आणी.

“बाबा, आज एकदम फ्रेश आहेत हं. कालच आली म्हणाला तो.”

“अगं, कापून आठवडा झाला असेल त्यांना. शीतपेटीतली फुलं ती. वास तरी आहे का?”

“मग देवाला सांगा ना, अमेरिकेत आला आहेस, थोडं ॲडजस्ट कर.”

मी हसे, आणि ती फुले दिवाणखान्यातल्या फुलदाणीत जात.

आमच्या परसाला लागून एका वृद्ध बाईंचे परस होते. मध्ये कमरेएवढे लाकडी कुंपण, आणि त्याला कडी नसलेले एक लहान फाटक. जूनमध्ये मी परडी घेऊन आमच्या झेंडूच्या दोन रोपांभोवती घुटमळत असताना त्यांनी मला पाहिले आणि ही फुले कशासाठी, म्हणून विचारले. माझे इंग्रजी पुस्तकी. प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवून मग उच्चारायचे. देवासाठी, असे सांगताच त्यांनी फाटक उघडून धरले.

“माझे गुलाब घ्या. हवे तेव्हा या, विचारत बसू नका. देवाला नाही म्हणणारी मी कोण?”

त्या मला ‘प्रोफेसर’ म्हणत. मी प्रोफेसर नव्हतो. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो होतो. दोनदा सांगून पाहिले, मग नाद सोडला. त्यांच्या यजमानांना त्याच वसंतात अर्धांगवायू झाला होता. उजवे अंग आणि वाचा गेली होती, आणि मोटारीने दहा मिनिटांवरच्या एका शुश्रूषागृहात ते पडून होते. रोज दुपारी दोन वाजता बाई त्यांच्याकडे जात. उन्हाळाभर त्या बाईंच्या गुलाबांनी माझी पूजा साजरी झाली.

ऑक्टोबरमध्ये एकदा सून भाजी चिरता चिरता म्हणाली, “बाबा, त्यांचे मिस्टर काय करायचे, ठाऊक आहे ना तुम्हाला?”

“नाही. काय?”

“फ्युनरलचं काम. म्हणजे बॉडी घेऊन यायची, धुवायची, कपडे घालायचे, मेकअपसुद्धा करतात इथे. चाळीस वर्षं हेच केलं त्यांनी. आणि त्यांच्या घरचे गुलाब तुम्ही सोवळ्यात वाहताय!”

तिने ते गमतीने म्हटले. मला हसू आले नाही. त्या दिवशी मी दुसऱ्यांदा स्नान केले, यज्ञोपवीत बदलले आणि पुढचे आठ दिवस कुंपणाकडे फिरकलो नाही. आज हे लिहिताना मान खाली जाते, तरी लिहायला हवे; त्यावाचून पुढचे कळणार नाही.

नवव्या दिवशी बाई स्वतःच फाटकाशी आल्या. “प्रोफेसर, आजारी होतात का?”

हवा मानवली नाही, असे मी सांगितले. त्या घडीची खुर्ची उघडून बसल्या. बहुधा सारे उमगले असावे, कारण त्यांनी आपणहून विषय काढला. “आमच्या धंद्याचा एक संत आहे. चांगला श्रीमंत होता. त्याची गोष्ट सांगू?”

तो अरिमथाई गावचा योसेफ. मोठा धनिक, न्यायसभेचा मानकरी. येशूचा शिष्य, पण लोकभयाने गुपचूप शिष्य. गुरू जिवंत होता तोवर हा चारचौघांत त्याचे नाव घेत नसे. गुरूला सुळावर दिले, उघड शिष्य पळून गेले, आणि मग हा लपून राहणारा माणूस सरळ रोमन सुभेदारापुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने प्रेत मागितले. स्वतःसाठी खडकात नवी कबर खोदून घेतली होती, ती देऊन टाकली. तलम वस्त्र आणले, आणि आपल्या हातांनी प्रेत खाली उतरवून त्यात गुंडाळले.

“हे केव्हाचं म्हणालात?” मी विचारले.

“सणाच्या आदल्या दिवशी. सूर्य मावळायच्या आत सगळं उरकायचं होतं.”

“मग त्याला सण पाळता आला नसेल. त्यांच्या धर्मात प्रेताचा विटाळ नाही का?”

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. “आहे ना. सात दिवसांचा. पण प्रोफेसर, इतक्या वर्षांत हा प्रश्न मला आमच्या पाद्रीबाबांनीसुद्धा विचारला नव्हता.”

पुढे कित्येक दिवस तो धनिक गृहस्थ माझ्या डोक्यातून जाईना. त्याच्या पदरी नोकर असणार. एका इशाऱ्यावर हे काम दुसऱ्या हातांनी झाले असते. ऐन सणाच्या तोंडावर अशौच जाणूनबुजून अंगावर घेणे म्हणजे काय, हे माझ्यासारख्याला त्या बाईंपेक्षाही अधिक कळत होते. त्या भेटीच्या दुसऱ्या दिवसापासूनच मी पुन्हा कुंपणाशी जाऊ लागलो होतो.

त्यानंतर बाईंनी मला त्या शिष्याच्या अनेक कथा सांगितल्या. प्रत्येकीच्या आरंभी त्या बजावीत, “हे धर्मग्रंथात नाही हं. लोक सांगतात.” हा विवेक मला फार आवडे. तो म्हणे कथलाचा व्यापारी होता आणि गलबते घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत जाई. एका सफरीत त्याने बालवयातल्या येशूलाही बरोबर नेले होते. पुढे गुरूच्या प्रेताचा कैवार घेतला म्हणून त्याला खिडकी नसलेल्या कोठडीत डांबले, आणि गुरूच्या शेवटच्या भोजनातल्या प्याल्याने त्याला अन्नपाण्यावाचून वर्षानुवर्षे जगवले. मीही त्यांना आमच्या पुराणांतल्या गोष्टी सांगत असे. नोव्हेंबरच्या शेवटी गारठा वाढला तेव्हा त्या खुर्ची मिटत म्हणाल्या, “काठीची गोष्ट राहिली. ती नाताळात सांगेन. तिची वेळ तीच.”

मग कुंपणाजवळची बैठक थांबली आणि माझ्या अक्षता सुरू झाल्या.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी सात वाजता, स्नान आटोपून, मी सवयीने परसात गेलो. आठवडाभर हवा विलक्षण उबदार होती, नुकताच पाऊस पडून गेला होता. बाईंच्या परसाच्या पार टोकाला, अवजारांच्या खोपटाशेजारी, एक काटेरी निष्पर्ण झाड होते. वर्षभरात मी त्याच्याकडे लक्ष दिले नव्हते. त्या झाडावर मला पांढरे काही दिसले. बर्फ नव्हता. मी जवळ गेलो. फुले होती, पाच पाकळ्यांची, ओली, ताजी. डिसेंबरच्या अखेरीस!

गुलाबांची परवानगी होती. ‘विचारत बसू नका’ असे शब्द होते. शिवाय देवपूजेसाठी घेतलेल्या फुलाला आपल्या शास्त्रकारांनी चोरी मानलेले नाही. हे सारे माझ्या मनात क्षणात आले, म्हणजेच कुठेतरी शंका होती. फुलांचा वास उग्र होता, जरा कोंदटही, आणि उग्र वासाचे फूल पूजेला वर्ज्य. तिकडेही मी डोळेझाक केली. काट्याने तर्जनी चांगलीच फाडली. झाडावर निदान एक फूल मागे ठेवावे, ही लहानपणापासूनची शिकवण. तीही पाळली नाही. मोजून अकरा फुले होती. अकराही मी परडीत घेतली.

त्या दिवशी पूजेत माझे चित्त जसे लागले तसे अमेरिकेत आल्यापासून लागले नव्हते. चंदन उगाळले, प्रत्येक फूल गंधात किंचित टेकवून वाहिले. सून सुट्टीमुळे घरी होती. ती दारातून डोकावली.

“अय्या, बाबा! कुठून मिळाली?”

“देवानं दिली,” मी म्हणालो. त्या उत्तरातला ताठा मला तेव्हा कळला नाही.

साडेदहाला दाराची घंटा वाजली. बाई होत्या. अंगात कोट, बुटांना चिखल, हात मोकळे. सुनेने त्यांना बसवले, चहा दिला, मलाही दिला. बाईंनी कपाला हात लावला नाही.

“आज सकाळी तुम्ही कुणी हरणं पाहिलीत का? माझ्या परसात?”

“डिअर ना? सारखी येतात!” सून म्हणाली. “उन्हाळ्यात आमचे टोमॅटो सगळे खाऊन गेली. का, काय झालं?”

बाई माझ्याकडे वळल्या. “प्रोफेसर, काठीची गोष्ट सांगायची राहिली होती ना?”

तो धनिक शिष्य म्हातारपणी पुन्हा इंग्लंडला गेला. या वेळी व्यापाराला नव्हे. एका टेकडीवर दमून उभा राहिला आणि हातातली काठी त्याने जमिनीत रोवली. ती काठी त्याने मायदेशाहून आणली होती. तिला मुळे फुटली, पाने आली, आणि नाताळात, ऐन हिवाळ्यात, पांढरी फुले आली. ते झाड वर्षातून दोनदा फुलते, असे लोक सांगतात. बी लावून त्याचा गुण येत नाही. जुन्या झाडाची काडी नव्या झाडावर बांधत बांधतच ते आजवर टिकले आहे.

“माझ्या नवऱ्यानं तशी एक काडी मिळवली होती,” बाई म्हणाल्या. “अकरा वर्षांपूर्वी त्यानं हे कलम बांधलं. दर मे महिन्यात फुलायचं. डिसेंबरात कधीच नाही. लोक हसायचे त्याला. या वर्षी तो आडवा झाला आणि या वर्षी कळ्या आल्या. दोन आठवडे मी रोज त्याला जाऊन सांगते आहे, आज एवढ्या, आज एवढ्या. तो डाव्या हाताची बोटं हलवून मोजतो. डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस धरू नका. आज दोन वाजता मी फुलं नेणार होते.” बुटांवरच्या चिखलाकडे पाहत त्या म्हणाल्या, “एकसुद्धा ठेवलं नाही हरणांनी.”

पूजेच्या खोलीचे दार अर्धवट लोटलेले होते. बाईंनी मान वळवली असती तर त्यांना बाळकृष्णाचे मस्तक दिसले असते. चंदनाचा वास दिवाणखान्यापर्यंत येत होता. माझ्या हातात चहाचा कप होता आणि तर्जनी मी मुठीत दडवली होती. बोलायला हवे, हे मला कळत होते. इंग्रजी वाक्य जुळलेही होते. मी ते उच्चारले नाही.

सुनेची नजर माझ्याकडे गेली, मग त्या दाराकडे.

“तुमचा चेहरा उतरलाय, प्रोफेसर,” बाई उठत म्हणाल्या. “जपा स्वतःला.” आणि गेल्या.

दार लागताच सून म्हणाली, “बाबा… ती फुलं?”

“होय.”

“अरे देवा!”

मुलगा वरच्या मजल्यावरून खाली आला. त्याला सगळे सांगावे लागले. “म्हणजे तुम्ही फाटक उघडून त्यांच्या यार्डात गेलात? बाबा, हे आपलं गाव नाही. इथे कुणाच्या यार्डात असं शिरलं तर लोक पोलिसांना फोन करतात!”

“गुलाबांची परवानगी होती.”

“गुलाबांची! ती काय जन्मभराचा पास होता का? थांबा, मी आत्ता जाऊन फ्लोरिस्टकडून पांढरी फुलं आणतो.”

“त्या झाडाची? डिसेंबरात?” सून म्हणाली. “त्याचा फ्लोरिस्ट तूच हो.”

“मग कुणी काही बोलू नका. हरणांनी खाल्ली असं त्या समजताहेत ना, तेच बरं आहे. आपल्याला इथे राहायचंय अजून. उद्या सगळी गल्ली म्हणेल, हे लोक चोरून फुलं तोडतात.”

“आणि हरणांनी काय घोडं मारलंय तुझं? फुकट नाव त्यांचं.”

“तू गंमत करू नकोस ग.”

“गंमत नाही करत. माझे हातपाय गार पडलेत.”

मी उठून देवापाशी जाऊन बसलो. अकरा वाजले होते. दोन वाजेपर्यंत जे व्हायचे ते व्हायला हवे होते, आणि काय व्हावे तेच मला ठरवता येत नव्हते. फुले तर समोरच होती, अजून टवटवीत. पण ती आता माझी नव्हती, बाईंचीही नव्हती. देवाला वाहिलेले ते देवाचे झाले. दुसऱ्या दिवशी निर्माल्य होऊन उतरेपर्यंत त्याला हात लावू नये, देवाचे द्रव्य परस्पर कुणाला देऊ नये, हे माझ्या हाडात भिनलेले. चोरून आणलेले फूल देवाला चालत नाही म्हणावे, तर ते मी वाहून बसलो होतो. ज्याच्याकडून घेतले त्याला परत द्यावे, तर देवाच्या मस्तकावरून ओढून घ्यायचे. आणि नाही दिले, तर तिकडे एक माणूस डाव्या हाताच्या बोटांवर कळ्या मोजत होता.

शेवटी मी कौल लावला. बाळकृष्णाच्या मुकुटावरचे फूल उजवीकडे पडले तर द्यायची. नाहीतर गप्प बसायचे. डोळे मिटून बसलो. बारा वाजले. फूल जागचे हलले नाही. गंधात मीच ते टेकवून बसवले होते, ते सुकून घट्ट धरले होते. साडेबारा वाजले. बाहेर दिवाणखान्यात मुलगा येरझारा घालतो आहे हे पावलांवरून कळत होते. एक वाजला. बोटाने किंचित धक्का द्यावा, असे माझ्या मनात आले. जन्मभर ज्याची पूजा केली त्याच्या कौलात हात घालण्यापर्यंत मी खाली आलो होतो.

सव्वा वाजता शेजारी मोटारीचा दरवाजा वाजला आणि इंजिन सुरू झाले. बाई लवकर निघाल्या होत्या.

तेव्हा मला तो धनिक शिष्य आठवला, सुभेदाराच्या दारात उभा असलेला. तोवर तोही गप्पच बसला होता. पुढे काय होईल, विटाळाचे काय, सणाचे काय, याची खातरी करून तो गेला नव्हता. तो गेला आणि त्याने मागितले. मी डोळे उघडले, हात जोडले आणि देवाला मोठ्याने म्हणालो, “ही मी नेतो आहे.” कौलाची वाट पाहिली नाही. अकराही फुले उतरवून ताम्हनात ठेवली आणि धोतर-स्वेटरवर, अनवाणी, मागच्या दाराने धावलो. या वयात मी कधी धावलो नव्हतो.

मोटार मागे सरकत होती. मी आडवा उभा राहिलो. बाईंनी काच खाली केली.

“हरणं नव्हती,” मी म्हणालो. “मी होतो.”

त्यांनी ताम्हनाकडे पाहिले, मग माझ्याकडे. इंजिन बंद केले.

“मी विचारलं तेव्हा तुम्ही समोर बसला होतात.”

“होय.”

“चहा पीत.”

“होय.”

माझे पाय त्या ओल्या काँक्रीटवर बधिर झाले होते. “फुलं तोडलीत त्याचं मला एवढं काही नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “मीच फाटक उघडून दिलं होतं. पण तुम्ही मला हरणांना शिव्या देऊ दिल्यात.” त्यांनी हात लांब करून एक फूल उचलले आणि हुंगले. “हा वास कसला? याला हा वास नसतो.”

“चंदनाचा. देवाला वाहिली होती.”

“याचा मूळ वास घाणेरडा असतो. माझा नवरा म्हणायचा, आमच्या धंद्यातल्या माणसालाच हा सोसेल.” त्यांनी पलीकडचे दार आतून उघडले. “बसा. त्याला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर वाटेल, म्हातारीनं रचलं.”

सून माझा कोट आणि बूट घेऊन धावत आली. “बाबा, सॉक्स! निदान सॉक्स घाला!” तिने ते खिडकीतूनच माझ्या अंगावर टाकले.

दहा मिनिटांच्या त्या वाटेवर मी मनात वाक्ये जुळवत होतो. ताम्हन मी दोन्ही हातांनी धरले होते आणि प्रत्येक सिग्नलला मोटारीतल्या घड्याळाकडे पाहत होतो. उशीर झाला असेल तर? डोळे मिटलेले असतील तर? माझ्या त्या तीन तासांत त्या माणसाचे काही झाले असेल तर कोणत्या प्रायश्चित्ताने ते फिटणार होते?

ते जागे होते. खिडकीशी, उंच उशांवर. मी आधी त्यांचे हात पाहिले; लपवून काय उपयोग, मला त्यांचीच भीती होती. मोठे, स्वच्छ, नखे बेताने कापलेले हात. उजवा चादरीवर निपचित होता. बाईंनी डाव्या तळव्यावर एक फूल ठेवले. त्यांनी ते अंगठ्याने चाचपले, पाकळ्या मोजल्यासारख्या, देठाशी जरा थांबले, मग नाकाशी नेले. कपाळाला आठी पडली. त्यांनी बाईंकडे पाहिले.

“त्यांना विचार,” बाई म्हणाल्या.

मी सांगितले. मी घेतली, माझ्या देवासाठी, तुम्हाला न विचारता, आणि नंतर गप्प बसलो. चार वाक्ये होती, मोटारीत जुळवलेली. त्यांना कितपत कळले ठाऊक नाही. त्यांची नजर माझ्या हातांतल्या ताम्हनाकडे गेली आणि माझ्या तर्जनीवर थांबली, जिथे सकाळचा काटा लागला होता. त्यांनी फूल छातीवर ठेवले, हात पुढे केला आणि माझे ते बोट धरले. जवळ नेऊन पाहिले. मग चेहऱ्याची डावी बाजू हलली आणि घशातून काही आवाज आला.

मी घाबरून बाईंकडे पाहिले.

“हसतोय,” त्या म्हणाल्या. “दर वर्षी छाटताना त्यालाही असंच फाडायचं ते झाड.”

त्यांनी माझे बोट सोडले नाही. पुढे पूर्ण हात धरला. मोकळ्या हाताने मी ताम्हन त्यांच्या पांघरुणावर ठेवले. चार वाजेपर्यंत मी तसाच उभा होतो. बाईंनी खुर्ची सरकवली ती मला वळून घेता येईना. त्यानंतर ते सात आठवडे जगले, डॉक्टरांच्या अंदाजाबाहेर. मी आणखी तीनदा गेलो.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा सून दारातच उभी होती. “काय म्हणाल्या? रागावल्या का? बाबा, बोला ना!”

“रागावल्या. मग घेऊन गेल्या.”

“आणि ते?”

“त्यांनी माझा हात धरला होता.”

ती क्षणभर माझ्या हाताकडे पाहत राहिली. ऑक्टोबरातले माझे दुसरे स्नान तिला आठवत असावे. “टॉवेल ठेवलाय बाथरूममध्ये,” ती हळूच म्हणाली. “धोतरही काढून ठेवलंय, धुतलेलं.”

“राहू दे. हातपाय धुतो, तेवढं पुरे.”

संध्येला बसलो तेव्हा ताम्हन नव्हते. ते तिकडेच राहिले होते. वाटीत पाणी घेतले. बाळकृष्णाच्या मुकुटावर सकाळच्या फुलाच्या जागी चंदनाचा वाळलेला ठसा होता, पाच पाकळ्यांचा. तो पुसावा की ठेवावा, याचा मी थोडा वेळ विचार केला, आणि त्याच्यावरच चार अक्षता ठेवल्या.